अल वक्र्यात लिंपलेली भिंत

मंजू, म्हणजे माझी लेक, फोनवर दहादा बजावत होती की आई, जानेवारीत कतारला गार असतं, स्वेटर घे. मी सिन्नरहून निघताना दोन घेतले, एक अंगात आणि एक पिशवीत. दोह्याच्या विमानतळाबाहेर आले तेव्हा घामाघूम झाले होते. जावई म्हणाले, आई, हीच इथली थंडी. मग मी पहिलं काम काय केलं, तर गाडीत बसून स्वेटर काढला आणि दुसऱ्याच्या सोबतीला पिशवीत कोंबला. परदेश प्रवासाची माझी सुरुवात अशी झाली.

फुटबॉलचा विश्वचषक यायला अजून काही वर्षं होती, पण देश आत्ताच लग्नघर झाला होता. जिथे बघाल तिथे खणलेलं, झाकलेलं, बांधायला काढलेलं. रस्ता आज इकडून तर उद्या तिकडून. मंजू म्हणाली, आमच्या घरचा रस्ता गुगललासुद्धा सापडत नाही. क्रेनी तर इतक्या, की मोजायला लागले आणि कंटाळून सोडून दिलं. निळ्या कपड्यातली माणसं भरून बसगाड्या जात होत्या. खिडकीला डोकं टेकून सगळे झोपलेले. त्यातले किती आपल्याकडचे असतील, असं मनात आलं.

मंजूचं घर अल वक्र्याला. दोह्याच्या दक्षिणेला समुद्राकाठचं जुनं कोळ्यांचं गाव आहे हे. पूर्वी इथली माणसं होड्या घेऊन समुद्रात मोती काढायला जायची. आता उंच इमारती झाल्यात, पण किनाऱ्याला जुन्या पद्धतीनं बांधलेला बाजार आहे. इथे बाजाराला सूक म्हणतात. मातकट रंगाच्या बुटक्या भिंती, छपरातून बाहेर आलेली लाकडी वाशांची टोकं, अरुंद बोळ, आणि बोळाच्या शेवटी एकदम निळं पाणी. पहिल्याच संध्याकाळी आम्ही तिथे गेलो. मंजूने बलालीत खाऊ घातलं (गोड शेवया, केशर-वेलदोडा घातलेल्या, आणि त्यावर चक्क अंड्याची पोळी). शेवया मी खाल्ल्या, अंडं जावयांच्या ताटात सरकवलं. वरून करक प्यायला दिला. करक म्हणजे आटवलेला, दाट, वेलदोड्याचा चहा. तो मात्र मी दोन कप प्यायले आणि रात्रभर टक्क जागी राहिले.

ग्वेनबाईंची ओळख झाली ती माझ्या चुकीनं. मंजू शाळेत शिकवते, जावई गॅसच्या प्लांटवर, नात शाळेत, त्यामुळे दिवसभर मी एकटी. चौथ्या दिवशी खाली जाऊन कोथिंबीर आणली आणि वर येताना लिफ्टमधून एक मजला आधी उतरले. सगळे मजले सारखे, सगळी दारं सारखी. दार उघडं होतं, मला वाटलं मीच लोटायची विसरले. चपला काढल्या, आत गेले, स्वयंपाकघरात जाऊन कोथिंबीर धुवायला घेतली. मनात आलं, मंजूने डबे कधी बदलले? मागे वळले तर दारात एक गोरी, उंच, पांढऱ्या केसांची बाई, हातात कपड्यांची टोपली. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत उभ्या. मग तिनं टोपली ठेवली, नळ बंद केला आणि गॅसवर चहाचं आधण ठेवलं. मला तिची भाषा येत नाही, तिला माझी येत नाही. तरी चहा झाला, कोथिंबिरीची अर्धी जुडी तिच्याकडे राहिली, आणि संध्याकाळी मंजूला घेऊन मी माफी मागायला गेले तेव्हा ओळख पक्की झाली.

ग्वेनबाई वेल्सच्या. इंग्लंडच्या शेजारचा डोंगराळ देश आहे तो. मी आपली म्हणाले, म्हणजे इंग्रजच की, तर मंजूने ते भाषांतर न करता मला डोळ्यांनी दटावलं. त्यांच्या गावाचं नाव त्यांनी तीनदा सांगितलं, मला एकदाही म्हणता आलं नाही. पण फोटो दाखवले आणि मला ते गाव आपलंच वाटायला लागलं. बाजाराचं गाव. मध्यभागी दगडी खांबांवर उभी बाजाराची इमारत, खाली लोणी, चीज, अंडी विकणाऱ्या बाया, वर जुनी कचेरी. गावाबाहेर किल्ल्याची पडकी भिंत, नदी, आणि बुधवारी मेंढ्यांचा बाजार. सिन्नरचा आठवडे बाजार मला माहीत आहे, तिथे मेंढ्या असतातच. आता त्यांच्या गावाला बसा भरून पाहुणे येतात, ही इमारत बघायला, किल्ला बघायला, आणि लाकडात कोरलेले चमचे विकत घ्यायला. पूर्वी मुलगा आवडत्या मुलीला असा चमचा स्वतः कोरून द्यायचा म्हणे. मी विचारलं, जेवायला? ग्वेनबाई हसून म्हणाल्या, नाही, भिंतीवर टांगायला.

बाईंचं काम जुन्या इमारती दुरुस्त करून घेण्याचं. अल वक्र्यात एका मोत्याच्या व्यापाऱ्याचं जुनं घर पाहुण्यांसाठी उघडायचं चाललं होतं, त्याची देखरेख त्यांच्याकडे. येतेस का बघायला, असं त्यांनी विचारलं. मी लगेच पदर खोचला आणि बोलणं समजावून सांगायला मंजूला सोबत घेतलं.

घर पाहून मी थक्क झाले. मोठा चौक, चारी बाजूंनी खोल्या, समुद्रातल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यावर मातीचा गिलावा. माझ्या डोक्यावर शिरस्त्राण, साडीवर पिवळं जाकीट. मी फोटो काढून घेतला आणि घरी सुनेला पाठवला, तिनं उत्तर दिलं की आई, तुम्ही इंजिनियर दिसताय. जिन्याखालच्या एका कोनाड्यात मूळचा गिलावा शिल्लक होता, शंभर वर्षांचा तरी असेल. मी त्यावर हात ठेवला आणि मंजूला म्हणाले, "हे थापीनं केलेलं नाही. हे तळहातानं लिंपलंय." अर्धचंद्रासारखे फटकारे होते, एकात एक, बोटांच्या रेघा अगदी नीट दिसत होत्या. मंजूने सांगितलं तशा ग्वेनबाई माझ्याकडे वळल्या आणि मला हाताला धरून मागच्या अंगणात घेऊन गेल्या.

तिथे नमुन्याची म्हणून एक भिंत उभी केली होती, माणसाच्या उंचीची, अजून गिलावा न केलेली. तिच्यापाशी एक मराठी माणूस उभा होता. मराठी हे मला त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं. मी "कुठले?" विचारलं आणि त्याचा चेहराच उजळला. बबन त्याचं नाव, अंबाजोगाईकडचा गवंडी, चाळिशीचा. बायको-मुलं गावी. चार पिढ्या गवंडीकाम. या जुन्या घरातले सगळे गिलावे त्याला मिळणार होते, पण आधी नमुन्याची भिंत ग्वेनबाईंनी पास करायला हवी. दोनदा नापास झाली होती. रविवारी तिसरी आणि शेवटची. यावेळी नाही जमलं तर काम दुसऱ्या माणसांकडे जाणार आणि बबनला परत जुन्या साईटवर, सिमेंटचे ठोकळे वाहायला.

"ओझ्याला भीत न्हाई मावशी," तो म्हणाला. "पण धा वर्षं हितं ठोकळेच वाह्यले. गवंडी हाय हे माझं मलाच पटंना झालतं. ह्या घरात पहिल्यांदा कुणीतरी थापी हातात दिली."

दोन्ही नापास नमुने शेजारीच होते. पहिला बघून मी तरी पास केला असता. आरशासारखा सपाट, कोपरे काटकोनात, ओळंबा सोडा नाहीतर सोडू नका. ग्वेनबाईंनी म्हटलं की जुन्या भिंतीशेजारी ही भिंत नव्या इस्त्रीच्या शर्टासारखी दिसते, ही नको. त्यांचा मुकादम हिंदीत बबनला समजावून गेला, थोडा टेढा करो. म्हणून बबनने दुसरी भिंत मुद्दाम वाकडी केली. थापीनंच इथे फुगवटा, तिथे खड्डा. ती बघून मलाच हसू आलं. सोंग आणल्यासारखी दिसत होती.

"काय करावं सांगा," बबन म्हणाला. "बापानं ओळंबा हातात दिला तवापासून भिंत सरळ करायचं शिकलो. वाकडं कसं करावं हे कुणी शिकिवलंच न्हाई."

मी म्हटलं, अरे, वाकडं नकोय त्यांना, हाताचं हवंय. थापी ठेव खाली आणि तळहातानं लिंप. त्यावर तो मान खाली घालून थापी फडक्यानं पुसत राहिला. मग मंजूने ग्वेनबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या की मी पहिल्याच दिवशी हे सांगितलं होतं, करूनही दाखवलं होतं. तो हो म्हणतो आणि माझी पाठ वळली की थापी उचलतो.

मला कारण लगेच कळलं. तुम्हालाही कळलं असेल. आपल्याकडे गवंडी थापीनं गिलावा करतो, आणि शेणामातीनं भिंती लिंपतात त्या बाया. गवंड्यानं चारचौघांत तळहातानं लिंपायचं म्हणजे त्यानं चूल सारवायला बसावं तसं. बबनने एकदा प्रयत्न केलाही होता, तर सोबतच्या मराठी गड्यांनी त्याला बबनबाई म्हणायला सुरुवात केली. जेवताना त्याच्यासमोर बांगड्यांची गोष्ट काढायचे. हे त्यानं मला हळू आवाजात सांगितलं, मंजूने ते ग्वेनबाईंना सांगू नये अशी अटही घातली. मंजूने ती पाळली नाही.

ग्वेनबाईंनी ते ऐकलं. मग तिथल्याच एका उलट्या बादलीवर बसल्या आणि सांगायला लागल्या, मंजू मराठीत सांगत गेली. त्यांचे वडील गवंडी. गावातल्या त्या बाजाराच्या इमारतीला त्यांनी तरुणपणी सिमेंटचा गिलावा केला होता, इतका सरळ की गावातले लोक नातवंडांना दाखवायचे. पण जुन्या दगडी भिंतीला श्वास घ्यायला लागतो. सिमेंटनं तो कोंडला. ओल आत अडकली, पावसाळ्यामागून पावसाळे दगड आतून भुसभुशीत होत गेले. पुढे इमारत वाचवायचं काम निघालं आणि त्यात ग्वेनबाई नवीन लागल्या. छिन्नी-हातोडा घेऊन वडिलांचा गिलावा त्यांनी स्वतः काढला.

"दर बुधवारी बाबा समोरच्या चहाच्या दुकानात येऊन बसायचे," त्या म्हणाल्या. "बघत राहायचे. एक शब्द बोलले नाहीत. मी पण नाही बोलले. आता वाटतं, रस्ता ओलांडून जायला हवं होतं."

मी विचारलं, मग शेवटी बोलणं झालं का? तर म्हणाल्या, काम पूर्ण व्हायच्या आधी ते गेले. मग बबनकडे बघून त्यांनी मंजूला सांगितलं, याला म्हणावं, तुझं चांगलं काम नापास करताना मला बरं वाटत नाही. पण वाईट वाटतंय म्हणून पास नाही करता येणार.

बबनला त्यातलं कितपत पोचलं कोण जाणे. त्यानं एवढंच विचारलं की बाईंचा बाप बी गवंडी व्हता व्हय? आणि मग थापी पिशवीत ठेवली.

शुक्रवार सुट्टीचा दिवस. साईटवर कुणी नसतं, हसणारं कुणी नसतं, म्हणून बबनने तिसरी भिंत त्या दिवशी करायची परवानगी मागून घेतली होती. त्यानं मंजूला फोन केला, ताई, मावशीला घेऊन याल का, दोन हात मारून दाखवतील. ग्वेनबाईंनी फाटकावरच्या नेपाळी पहारेकऱ्याला सांगून ठेवलं होतं. आम्ही भाजी-पोळीचा डबा घेऊन गेलो.

बबनने माती दोन दिवस भिजवून, तुडवून, बारीक भुसा घालून मऊसूत केली होती. लोण्यासारखी. मी म्हटलं, अशी माती मला कधी मिळाली नाही. गोळा घेऊन भिंतीवर दाबला, तळहात फिरवला. किती वर्षांनी. आईच्या घरी दिवाळीआधी आम्ही सगळ्या बहिणी मिळून लिंपायचो, मोठीनं वरचं करायचं आणि धाकट्यांनी खालचं. हात विसरलेला नव्हता, गुडघे मात्र विसरले होते. दहा मिनिटांत मला खाली बसावं लागलं. बबनने पालथी बादली दिली. मग मी बसून खालचा पट्टा लिंपत राहिले आणि तो बघत राहिला.

"तुझ्या घरी कोण लिंपायचं रे?" मी विचारलं.

"आई."

"आणि बाप?"

"बाप लोकांच्या घरी थापी चालवायचा," बबन म्हणाला. थोडं थांबला. "आमचं घर आईनंच लिंपलं सगळं. अजून उभं हाय. बापानं बांधलेली दोन पडली."

मग त्यानं बाह्या वर केल्या. पहिले चार फटकारे चोरटे होते, बोटांच्या टोकांनीच, माती चावेल अशी भीती असल्यासारखे. मी म्हटलं, खांद्यातून फिरव, मनगटातून नको. मग जमत गेलं. मधूनच तो फाटकाकडे बघायचा, पण पुढे पुढे तेही थांबलं. दुपारी डबा खाताना त्यानं मातीचे हात धुतले नाहीत, मंजूने भाजीत पोळी कुस्करून त्याला चमचा दिला. चार वाजता भिंत पूर्ण झाली. वरचं सगळं त्याचं, खालचा हातभर पट्टा माझा. आम्ही तिघं रस्त्यापलीकडे समुद्रावर गेलो आणि करक प्यायलो. बबनने पैसे देऊ दिले नाहीत.

रविवारी सकाळी मला राहवेना. मंजूची शाळा होती, तरी तिनं तासभर उशिरा येते म्हणून कळवलं आणि आम्ही गेलो. मुकादम होता, चार-पाच गडी होते, बबनबाई म्हणणारेही त्यातच असणार. बबन भिंतीपासून लांब, हात पाठीमागे बांधून उभा होता.

ग्वेनबाईंनी भिंतीला हात लावला नाही. एक टॉर्च काढली आणि भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवा उजेड टाकला. अशा उजेडात काही लपत नाही, प्रत्येक रेघेची सावली पडते. वरून सुरुवात केली. अगदी सावकाश. टॉर्च खाली आली, खालच्या पट्ट्यावर थांबली. तिथे त्यांनी बसून पाहिलं, उठून पाहिलं, पुन्हा बसल्या.

मग मंजूला म्हणाल्या, वरचा माणूस आणि खालचा माणूस वेगळा आहे. मंजूने ते मला सांगितलं. वाटलं, मदत करायला गेले आणि याचं काम मी घालवलं. मुकादमानं बबनकडे पाहिलं. सगळं मीच केलं असं त्याला सहज म्हणता आलं असतं, आम्ही दोघींनी काही तोंड उघडलं नसतं.

"खालचं मावशीनं केलंय," बबन म्हणाला, सगळ्यांसमोर. "मला दाखवायला. वरचं मी केलं. हातानं केलं."

ग्वेनबाईंनी टॉर्च माझ्याकडे वळवली, म्हणजे हसून वळवली. मग भाषांतर असं आलं, की खालचं करणारी व्यक्ती बसलेली होती. बसलेल्या माणसाचा फटकारा आखूड येतो, गोल फिरतो. या घरातले जुने कारागीर उभ्यानं करत होते, त्यांचा हात लांब जातो. म्हणून खालचा पट्टा चालणार नाही, तो काढून पुन्हा करावा लागेल. वरचं चालेल. वरचं सगळं चालेल, आणि चौकातलंही यानंच करायचं.

म्हणजे बबन पास झाला आणि मी नापास झाले. आईच्या घरी लिंपण शिकलेली बाई, आणि परदेशात येऊन नापास. मी मोठ्यानं हसायलाच लागले. मग मंजू हसली, ग्वेनबाई हसल्या. गड्यांपैकी एक जण म्हणाला, बबन्या, मावशीला हरिवलंस लेका. हा त्या दिवशीचा शेवटचा टोमणा. बबन मात्र हसला नाही. तो माझ्याजवळ आला, वाकला, पाया पडला आणि म्हणाला, "मावशी, काढू का?"

मी म्हटलं, काढ बाबा, लवकर काढ, पुरता वाळला की कठीण होईल.

त्यानं माझा पट्टा खरवडून काढला, ओली माती घेतली, गुडघे वाकवून पण उभ्याउभ्याच, खांद्यातून हात फिरवत खालपर्यंत आला. सगळे बघत होते. 

मार्चमध्ये मी परत आले. विमानतळावर ग्वेनबाई सोडायला आल्या होत्या, कोथिंबीर घेऊन, म्हणजे बियाणं, त्यांच्या कुंडीतलं. घरी आल्यावर शेजारणी विचारायला आल्या, काय काय पाहिलं म्हणून. मी मॉल सांगितले, काचेच्या इमारती सांगितल्या, समुद्र सांगितला. ते घर आता पाहुण्यांना उघडलं असं मंजू सांगते. विश्वचषकाला आलेले लोक तिथे हिंडतील, चौकात फोटो काढतील, भिंतीला टेकतील. कुणी विचारणार नाही की ही कुणी लिंपली. ग्वेनबाई म्हणायच्या, तसं कुणी विचारलं नाही तर समजायचं काम चांगलं झालं. मला ते पटतं, पण पूर्ण नाही. म्हणून मी इथे लिहून ठेवते, की अल वक्र्याच्या त्या घरातला चौक अंबाजोगाईच्या बबन गवंड्यानं लिंपला, तळहातानं, उभं राहून.